मारोतरावांचा जिता गोटा

मासोळी वैनगंगेत राहते, समुद्र मुंबईला राहतो आणि मारोतराव बांते कारध्याला राहतात, या व्यवस्थेबद्दल आजवर कोणाची काही तक्रार नव्हती. समुद्राची तर नव्हतीच. तक्रार निघाली ती राखीच्या दिवशी, जवाहरनगरला, मारोतरावांच्या साळ्याच्या क्वार्टरमध्ये, सोनपापडीचा दुसरा तुकडा तोंडात असताना.

साळा म्हणजे भूपेंद्र, त्यांच्या बायकोचा, म्हणजे रत्नाबाईंचा, धाकटा भाऊ; तिथल्या सरकारी कारखान्यात नोकरीला. त्याच्या हॉलमध्ये एक काचेची पेटी होती आणि तीत गोल्डफिश होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो या माशांची नावानिशी ओळख करून द्यायचा, आणि पाहुण्याने माशाला नमस्कार करावा अशी त्याची अपेक्षा असावी असं एकंदर चेहऱ्यावरून वाटायचं. मारोतरावांना हे दर राखीला आणि दर भाऊबीजेला सोसावं लागे. या वेळी मात्र त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ नुकताच पाहिलेला होता आणि व्हिडिओ पाहिलेल्या माणसाला गप्प बसवत नाही.

"गोड्या पाण्यातल्या मासोळ्या कोनीबी पाळते," ते म्हणाले. "खरी मासोळी खाऱ्या पाण्याची. नारंगी, पांढऱ्या पट्ट्याची. पाळाची तं थे पाळाव."

"मंग पाळा ना भाऊजी!" भूपेंद्र हसला. "कारध्याले समुद्र आणा! तुमच्या हातानं तुळस नाही जगली, समुद्र कसा जगन?"

सगळे हसले. भूपेंद्रची बायको हसली, शेजारचे हसले. एवढंही चाललं असतं, पण राखीचं ताट हातात घेतलेल्या रत्नाबाईसुद्धा हसल्या आणि ते मारोतरावांना लागलं. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. हेडक्लार्क असताना त्यांनी नुसतं "हूं" म्हटलं तरी फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जायची. आता घरात त्यांनी पूर्ण वाक्य म्हटलं तरी पंख्याचं बटणसुद्धा कोणी दाबत नव्हतं. आपलं एक तरी म्हणणं या घरात खरं ठरावं, आणि ते चार माणसांसमोर ठरावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. ती इच्छा त्या दिवशी उसळून तोंडावाटे बाहेर आली.

"ऐक भूपेंद्र. भाऊबीजेले तू आमच्या घरी ओवाळून घ्यायले येशील, तवा माह्या बैठकीत समुद्र असन. जिता समुद्र, मासोळीसकट. नसन तं बैठक तुह्या बहिणीच्या शिलाई क्लासले देऊन टाकीन अन् मी माही खुर्ची घेऊन मांगच्या सपरीत, धानाच्या पोत्यायजवळ बसीन. अन् असला, तं तू सर्व्यायसमोर म्हणाचं, 'भाऊजी, तुमचं खरं हाये.'"

"कबूल," भूपेंद्र म्हणाला. रत्नाबाई हसायच्या थांबल्या. शिलाई क्लाससाठी ती बैठक त्या कित्येक वर्षं मागत होत्या, आणि आज ती अशी न मागता ताटात येऊन पडली होती. परतीच्या वाटेवर स्कूटरवर मागे बसून त्यांनी मनातल्या मनात मशिनी मांडून पाहिल्या. चार आरामात बसत होत्या.

नागपूरहून टाकी आली, टेबल आलं, पाणी फिरवणारा पंप आला. टाकी येताना रस्त्याकडेची सगळी माणसं थांबून पाहत होती आणि मारोतराव टेम्पोत तिच्या शेजारी असे बसले होते की वरात त्यांचीच आहे. मग आलं मीठ. पोतं पाहून शेजारचे तुलाराम धावत आले. तुलारामांचा धानाचा व्यापार, पण सल्ल्याचा धंदा त्याहून मोठा.

"मीठ विकत आणलं? काहून? आमच्या वावरातल्या बोअरचं पाणी खारंच हाये ना! न्या लागन तेवढं."

"थे मीठ वेगळं असते, तुलारामभाऊ. समुद्रातल्या पाण्यात जे जे असते थे सारं याच्यात हाये."

"अन् मासोळीले तहान लागली तं?"

हे व्हिडिओत सांगितलेलं नव्हतं. मारोतराव नुसते गंभीरपणे पाणी ढवळत राहिले. मनुष्य ढवळत असला की त्याला फार कोणी प्रश्न विचारत नाही, हे त्यांना ऑफिसच्या चहावरून माहीत होतं.

पाणी झालं. आता राहिला दगड. इथंच खरी गोम आहे, आणि मासे पाळणारे लोक जगभर एकमेकांशी बोलत नाहीत ते या दगडावरून. मुंबईला पेडणेकर म्हणून एक गृहस्थ खाऱ्या पाण्याच्या माशांचं दुकान चालवतात. मूळचे मालवणचे, आवाज घागरीतून आल्यासारखा. त्यांनी फोनवर मारोतरावांची शिकवणी घेतली.

"हे बघा साहेब, मासा घाण करणार. ती घाण पाण्यात राहिली की मासा मरणार. ती घाण खाणारे अगदी बारीक जीव असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. ते दगडाच्या भोकाभोकांत राहतात. आता दगड दोन तऱ्हेचा. एक जिवंत दगड, लाइव्ह रॉक. म्हणजे ज्यात हे जीव आधीच नांदतायत असा ओला दगड. टाकीत ठेवला की संसार सुरू. दुसरा सुका दगड, ड्राय रॉक. स्वस्त, स्वच्छ, पण मेलेला. त्यात जीव वसायला दोन-दोन महिने लागतात. दम धरवत असेल तर सुका घ्या."

"अन् समुद्रातला खडक काढू देते का सरकार?"

"छे छे! त्याला बंदी आहे. आमचा दगड आम्हीच बनवतो आणि वर्षानुवर्षं आमच्या खाऱ्या टाकीत मुरवतो. लोणच्यासारखा."

त्याच दिवशी कारध्यात दोन पक्ष पडले. जिता गोटा आणि सुखा गोटा. तुलाराम सुख्याच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं, "जित्या गोट्यासंग काय काय घरात येईल, सांगता येत नाही. नवरी आणली का तिच्यासंगं पाहुणे येतेच." तुलारामांची बायको सुलोचनाबाई जित्याच्या बाजूची, पण ती केवळ तुलाराम सुख्याच्या बाजूचे होते म्हणून. रत्नाबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "कोनताबी आणा. मले भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बैठक झाडाची हाये." एकदा तर पोळ्याच्या दिवशी, बैलांना नैवेद्य दाखवून झाल्यावर, गल्लीतल्या चार घरांनी या विषयावर हात वर करून मत दिलं. सुखा गोटा जिंकला. मारोतराव घरी आले आणि त्यांनी जिता गोटा मागवला. लोकशाहीत शेवटचा अधिकार ज्याच्या घरची टाकी असते त्याचाच असतो, असं त्यांचं मत होतं.

दगड ओल्या कागदांत गुंडाळून, खोक्यात बंद होऊन निघाला. पेडणेकरांनी बजावलं होतं, "पोचला की लगेच सोडवा. वाळला तर पैसे देऊन सुका घेतल्यासारखं होईल." खोकं एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामात येऊन पडलं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण मारोतरावांचं सामान अजूनही तिथूनच येतं.

गोदामातल्या म्याडमचं नाव साधना. त्यांनी खोक्यावरची चिठ्ठी वाचली, चष्मा वर केला आणि विचारलं, "हे लिहू कशात?"

"म्हंजे?"

"पावतीवर रकाने हायेत काका. बांधकामाचं सामान, किराणा, कपडा, जिती जनावरं. याच्यावर दगडबी लिहिलं हाये अन् जितंबी लिहिलं हाये. दगड म्हणाल तं बांधकामात टाकतो, पण मंग त्याचा परवाना दाखवा. जितं म्हणाल तं जनावराच्या डॉक्टरचा दाखला आणा."

मारोतरावांनी उभ्या आयुष्यात असे किती लोक दाखल्यासाठी परत पाठवले होते. त्यांना त्या क्षणी त्या सगळ्यांचे चेहरे दिसले असतील, पण ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. "अहो म्याडम, याच्यात बारीक बारीक जीव हायेत," ते काकुळतीला येऊन म्हणाले. "थेच तं म्हणतो मी," म्याडम म्हणाल्या. "जीव हायेत ना? मंग दाखला." आणि त्या डबा उघडून जेवायला बसल्या.

पशुवैद्यक डॉक्टर लसीकरणाच्या दौऱ्यावर होते. मारोतराव या गावी पोचले की ते त्या गावी निघालेले असत. शेवटी सापडले ते एका गोठ्यात, म्हशीच्या मागच्या बाजूला. त्यांनी सगळी हकिकत ऐकली, हात धुतले आणि मारोतरावांकडे फार प्रेमानं पाहिलं. "काका, मी गाय पायतो, म्हैस पायतो, बकरी पायतो. दगड पहिल्यांदाच पाहून राहिलो." पण माणूस चांगला. बरोबर गोदामात आले, खोक्याचं झाकण उघडून एक दगड हातात घेतला, उलटासुलटा केला, वास घेतला आणि तोंड फिरवलं. मग दाखला लिहिला: 'सदर दगडांची तपासणी केली. चालता-फिरताना आढळले नाहीत. लाळ-खुरकुताची लक्षणे नाहीत.' साधना म्याडमनी तो दाखला तीनदा वाचला, शिक्का मारला आणि खोकं सोडलं.

पण तोपर्यंत ओले कागद कडकडीत झाले होते. गोदामाच्या पत्र्याखाली, पंख्याच्या तोंडाशी, दगड पांढराफटक पडून वाळला होता आणि त्यातून सुकटीचा वास येत होता. जिता गोटा निवडला होता मारोतरावांनी, आणि घरी आला सुखा गोटा. गल्लीच्या मतदानाचा निकाल ट्रान्सपोर्ट कंपनीनं अमलात आणला होता.

"मेला का हो?" रत्नाबाईंनी दारातच विचारलं, नाकाला पदर लावून. मारोतरावांनी दगड एकेक करून टाकीत रचला, पंप सुरू केला आणि खुर्चीत बसून त्या पांढऱ्या ढिगाकडे पाहत राहिले. वाईट वाटत होतं. समुद्राचं वाईट वाटत होतंच, पण सपरीत, म्हणजे मागच्या पडवीत, धानाच्या पोत्यांजवळ आपली खुर्ची कशी दिसेल तेही त्यांना दिसत होतं.

पितृपक्षात सिहोऱ्याहून त्यांची मोठी बहीण आली. गोदावरीबाई. सिहोऱ्याला त्यांचं धानाचं मोठं वावर, आणि वावराच्या उशाशी स्वतःची बोडी. बोडी म्हणजे पावसाचं पाणी अडवून ठेवलेलं लहानसं तळं. धानालाही पाणी देतं आणि घराला मासोळीही देतं. गोदावरीबाईंनी टाकीसमोर बसकण मारली, भावाची सगळी कहाणी ऐकली आणि डोक्यावर हात मारला.

"अरे मारोती, येवढा शिकला तू अन् इतकंबी ध्यानात नाही? आपल्याकडे नवी बोडी खंदली का काय करते? नुसत्या पाण्यात मासोळी धरते का? जुन्या बोडीतला टोपलंभर गाळ डोक्यावर आणते, पयल्या पाण्यात सोडते, नारळ फोडते. मंग पाणी जितं होते. आपल्या बापानं नाही केलं का हे?"

मारोतराव ताडकन उठून बसले. जुन्या पाण्यातला जीव नव्या पाण्यात सोडायचा! पेडणेकर तरी दुसरं काय म्हणत होते? मुंबईचं शास्त्र आणि सिहोऱ्याची रीत, दोन्ही एकच की! मोठमोठे लोक समुद्रापर्यंत जाऊन जे शिकले ते आपल्या बापाला बोडीच्या पाळीवर बसून ठाऊक होतं, या विचारानं त्यांची छाती भरून आली. छाती भरून आली की माणसाचं डोकं थोडं रिकामं होतं. बोडीचं पाणी गोडं आणि टाकीचं पाणी खारं, हा मुद्दा त्या रिकाम्या जागेतून निसटला.

दुसऱ्या दिवशी सिहोऱ्याच्या बोडीतला गाळ आला, नवं टोपलं, त्यावर हळदकुंकू, सगळं रीतसर. मारोतराव स्वतः टोपलं डोक्यावर घेऊन अंगणातून बैठकीत आले. काळं पाणी बनियनीवरून पोटापर्यंत उतरलं तरी त्यांनी चाल बदलली नाही. सुलोचनाबाईंनी ओवाळलं. तुलारामांनी नारळ फोडला, खोबरं वाटलं, आणि गाळ समुद्रात पडला.

पाणी आधी चहासारखं झालं, मग कढीसारखं, मग त्याला कशाचीच उपमा देता येईना. त्या गाळात बोडीतल्या गोगलगायी होत्या, बारीक झिंगे होते, आणि गोड्या पाण्यात सुखानं जन्म काढलेल्या त्या बिचाऱ्या जिवांनी खाऱ्या पाण्यात एका रात्रीत प्राण सोडले. सकाळी रत्नाबाई अंगण झाडायला उठल्या त्या तशाच झाडू टाकून बाहेर पळाल्या. दुपारपर्यंत वास तुलारामांच्या घरी पोचला. संध्याकाळी नदीवर फिरायला निघालेली माणसं वळून दुसऱ्या रस्त्यानं जाऊ लागली. "तुमच्याकडे काही झालं का?" असं लोक हलक्या आवाजात विचारू लागले, जणू घरात कोणी गेलं होतं. एकानं तर पांढरी टोपी घालून येऊन विचारलं.

भूपेंद्रला बातमी लागली. त्यानं फोनवर हसणारा चेहरा पाठवला आणि खाली लिहिलं, 'भाऊजी, समुद्राले खांदा द्यायले येऊ का?' त्या दिवशी रत्नाबाईंनी शिलाईच्या पेटीतून टेप काढला आणि बैठकीची भिंत मोजली. त्यांनी हे मारोतरावांच्या पाठीमागे केलं, पण पुटपुटलेले आकडे त्यांना ऐकू आलेच.

आता सगळं फेकून द्यायचं ठरवून मारोतरावांनी पेडणेकरांना फोन लावला. गाळ, टोपलं, नारळ, काहीही लपवलं नाही. पलीकडून पेडणेकर इतके हसले की फोन तापला. मग एकदम थांबले.

"थांबा साहेब. गोगलगायी मेल्या म्हणता? भरपूर?"

"मोजल्या नाही, पण वास भरपूर हाये."

"अहो, मग काम झालं तुमचं! सुका दगड जिवंत करायला लोक मुद्दाम टाकीत मेलेली कोळंबी टाकतात. सडली की घाण होते, आणि ती घाण खायला ते जीव वाढतात. तुम्ही नकळत तेच केलंत, फक्त एका कोळंबीच्या जागी गावजेवण घातलंत! गाळ काढा, पाणी गाळून घ्या, पण दगड धुवू नका. दगड वरून वाळला असेल, आत खोल ओल राहते. आत काही जिवंत असेल तर त्याला आता खायला भरपूर आहे. आणि आता फक्त धीर."

मारोतरावांनी नळीनं गाळ ओढून काढला. पाणी गाळायला रत्नाबाईंची जुनी सुती साडी घेतली, आणि ती जुनी नव्हती असं त्यांना नंतर कळलं. पेडणेकरांनी पाण्यातली घाण तपासायची बाटली पाठवली. पाणी नळीत घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, रंग पाहायचा. हिरवा असेल तर घाण आहे, मासा मरेल. पिवळा झाला की पाणी स्वच्छ, समुद्र तयार. आणि इथं मारोतरावांची पंचाईत झाली, कारण हिरवा कुठं संपतो आणि पिवळा कुठं सुरू होतो हे त्यांना कळेना. तुलारामांना दाखवलं तर ते म्हणाले, "धान पिकाले लागल्यासारखा." ते म्हणजे नेमकं काय, यावर दोघांत वाद झाला.

रत्नाबाई आतून हे ऐकत होत्या. ब्लाउजपीस आणि धाग्याचा रंग जुळवण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांना हा गोंधळ सहन होईना. त्या हात पुसत बाहेर आल्या, नळी हातात घेतली, उजेडात धरली.

"शेवाळी," त्या म्हणाल्या. "चांगला गडद शेवाळी. मासोळी टाकाल तं मरन."

त्या दिवसापासून रोज सकाळी चहा झाला की मारोतराव नळी घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहायचे आणि रत्नाबाई निकाल द्यायच्या. शेवाळीचा मेंदी झाला. मेंदीचा पोपटी झाला. घटस्थापनेला पोपटी होता, अष्टमीला पिस्ता. वास कधीच गेला होता. दसऱ्याला सोनं देऊन झाल्यावर मारोतरावांनी नळी पाहिली आणि आनंदानं ओरडले, "पिवळा! झाला पिवळा!"

रत्नाबाईंनी नळी घेतली, पांढऱ्या कापडावर धरली आणि मान हलवली. "नाही. अजून हिरवट झाक हाये. थांबा."

आपल्या मनाविरुद्ध निकाल लागला म्हणून मारोतराव त्या दिवशी न जेवताच झोपायला गेले. बायकोला बैठक हवी आहे, ती मुद्दाम हिरवा म्हणते, असंही त्यांच्या मनात आलं. खोटं कशाला सांगू, आलंच.

कोजागिरी झाली. दिवाळीची झाडलोट निघाली. एका सकाळी मारोतराव नेहमीसारखे नळी घेऊन दाराशी उभे होते. पिवळा म्हणायची हिंमत उरली नव्हती. रत्नाबाईंच्या हाताला चकलीचं पीठ होतं. त्यांनी कोपरानं पडदा सारला, मान वाकवून पाहिलं, परत पाहिलं, मग नळीमागे आपला पांढरा पदर धरून पाहिलं.

"हळद," त्या म्हणाल्या. "निव्वळ हळद."

"हिरवी झाक?"

"कायची झाक! हळद म्हणलं ना. जा, मासोळी आणा. दिवाळी तोंडावर आली."

रत्नाबाईंनी एक शब्द फिरवला असता, नुसतं 'मेंदी' म्हटलं असतं, तर बैठक त्यांची होती. मारोतरावांना हे बसस्टँडच्या अर्ध्या वाटेवर सुचलं आणि ते रस्त्यातच उभे राहिले. मागच्या स्कूटरवाल्यानं शिवी दिली, तीही त्यांना ऐकू आली नाही.

नागपूरहून त्यांनी मासोळीची जोडी आणली, टाकीतच जन्मलेली, नारंगी, पांढऱ्या पट्ट्यांची. एसटीत पिशवी मांडीवर धरून ते सगळी वाट ड्रायव्हरला "हळू, खड्डा हाये" सांगत आले. ड्रायव्हरनं शेवटी "काका, तुमीच चालवा ना" म्हटलं तेव्हा कुठं गप्प बसले.

भाऊबीजेला भूपेंद्र बायकोसकट हजर झाला. तुलाराम आणि सुलोचनाबाई आधीच येऊन जागा धरून बसले होते. आत बेसनाच्या पाटोडीचा रस्सा उकळत होता, कोथिंबिरीची सांबारवडी तळून निघत होती, आणि जवाहरनगरहून उपाशी पोटी आलेल्या भूपेंद्रच्या नाकपुड्या फुलत होत्या. बहिणीनं ओवाळेपर्यंत भावानं अन्नाला हात लावायचा नाही, हे तो जाणून होता. तो पाटावर बसला, टाकीकडे पाहिलं आणि क्षणभर त्याचा चेहरा पडला. निळ्या उजेडात ती जोडी नाचत होती. दगडाचा पांढरेपणा जाऊन त्यावर तपकिरी, जांभळी लव आली होती. पण सरकारी नोकरीतला माणूस इतक्या सहज मान्य करत नसतो.

"मासोळ्या तं दिसून राहिल्या," तो म्हणाला. "पण थ्या काय, दुकानातल्या. आज आणल्या, उद्या मेल्या. बोली होती जित्या समुद्राची. अन् तुमचा गोटा तं मेला होता भाऊजी. त्याच्या तेरवीचा वास साऱ्या कारध्यानं घेतला."

मारोतराव काही बोलायला गेले, पण त्याआधी सुलोचनाबाई किंचाळल्या. "अवो, थे काय चाल्लं?"

दगडाच्या एका भोकातून काहीतरी बाहेर आलं. वाटाण्याएवढा खेकडा. तो थांबला, सगळ्यांकडे पाहिल्यासारखं केलं, एक नांगी वर केली आणि तुरुतुरु चालत दगडाच्या माथ्यावर जाऊन बसला. मुंबईच्या टाकीतून निघालेला, गोदामात वाळलेला, डॉक्टरनं उलटासुलटा केलेला, बोडीच्या गाळात बुडालेला तो जीव एवढे दिवस त्या दगडाच्या पोटात तग धरून राहिला होता. डॉक्टरच्या दाखल्यातलं 'चालता-फिरताना आढळले नाहीत' हे वाक्य त्यानं सगळ्यांसमोर खोडून काढलं. मारोतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

"जिता हाये!" तुलाराम ओरडले, सुख्या गोट्याचे पुढारी असूनही. "गोटा जिता हाये!"

"कोनी आताच टाकला असन," भूपेंद्र पुटपुटला.

रत्नाबाई ताट घेऊन समोर बसल्या होत्या. निरांजन लावलेलं होतं, कुंकवाची बोटं वर उचललेली होती. त्यांनी बोटं खाली घेतली आणि ताट जमिनीवर ठेवलं.

"भूप्या. रोज सकाळी त्या पाण्याचा रंग म्या पायला. माह्या डोळ्यायनं. पयले म्हण, जे ठरलं थे. मंग ओवाळतो."

"ताई!" भूपेंद्र चकित झाला. "अवो, तू कोनाच्या बाजूनं? भाऊजी हारले तं बैठक तुलेच भेटत होती ना!"

"भेटत होती. तरी म्हण."

आतून पाटोडीचा वास आला. भूपेंद्रनं बायकोकडे पाहिलं, ती तोंडावर पदर घेऊन हसत होती. खेकड्याकडे पाहिलं, त्यानं नांगी अजून खाली घेतली नव्हती.

"भाऊजी, तुमचं खरं हाये," तो म्हणाला. आणि बहीण अजून ताटाला हात लावत नाही असं पाहून मोठ्यानं म्हणाला, "खरं हाये, भाऊजी. तुमचंच खरं हाये."

या क्षणासाठी मारोतरावांनी एक भाषण तयार ठेवलं होतं. रोज आंघोळीच्या वेळी ते त्याची उजळणी करत. त्यात समुद्र होता, चिकाटी होती, वडील होते आणि शेवटी जवाहरनगरच्या गोल्डफिशांना एक चिमटा होता. ते तसंच राहून गेलं. ते बायकोकडे पाहत राहिले. ती भावाला कुंकू लावत होती, अक्षता लावत होती, आणि ओवाळताना दिव्याचा उजेड तिच्या चेहऱ्यावर वरखाली होत होता. सगळं जिंकून झालं होतं आणि ते जिंकून देणारी समोर बसली होती.

ते उठले आणि मागच्या सपरीत गेले. पोत्यांच्या आडोशाला ठेवलेली शिलाई मशीन त्यांनी धरली आणि फरफटत बैठकीकडे आणू लागले. आवाज ऐकून तुलाराम धावले, त्यांनी दुसरी बाजू उचलली.

"अवो, हे काय करून राहिले?" रत्नाबाई म्हणाल्या.

"खिडकीपाशी ठेवतो. तिथं उजेड चांगला येते," मारोतराव म्हणाले. "बाकीच्या मशिनी या भिंतीनं लागन. टाकी थोडी इकडं सरकवू. मी अन् माही खुर्ची मधात बसतो, आमाले कितीक जागा लागते?"

रत्नाबाईंनी ताट बाजूला ठेवून मशीनच्या एका पायाखालची घडी पडलेली सतरंजी सारखी केली.

भूपेंद्रचं पान वाढलं गेलं. पहिली वाटी पाटोडी त्यानं मान वर न करता संपवली. दुसरी वाढून होत होती तेव्हा त्यानं टाकीकडे पाहिलं, आवाज खाली केला आणि विचारलं, "भाऊजी, आमच्या हॉलमदीबी हे असं लावाव म्हणतो. गोटा कोनता घेऊ? जिता का सुखा?"

मारोतरावांनी मशीन खिडकीपाशी नीट सरकवली, कपाळाचा घाम पुसला आणि खुर्ची ओढून त्याच्या पानाजवळ बसले.

"पयले पोटभर जेव," ते म्हणाले. "सांगाले येळ लागते."